कापूस, कापूर आणि मोटारीचा टप

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापुरात छत्रपतींची स्वारी शमीपूजनासाठी दसरा चौकात येते. त्या वेळी लवाजमा, पालख्या आणि घोडेस्वार यांच्याइतकेच लोकांचे डोळे आणखी एका वस्तूकडे लागलेले असतात. ही वस्तू म्हणजे संस्थानी काळातील मेबॅक मोटार होय. वर्षातून एकदा राजवाड्याबाहेर पडणारी ही गाडी जवळून पाहता यावी म्हणून बापाच्या खांद्यावर बसलेली मुले माना उंचावतात, आणि वृद्ध मंडळी ती कोणत्या महाराजांच्या अमदानीत आली यावर आपसात वाद घालतात. गाडीचे मोल काय, ती जर्मनीहून कशी आली, तीत कोण कोण बसले, हे सर्व प्रश्न विचारले जातात. परंतु जवळजवळ नव्वद वर्षांच्या या लोखंडी देहावर आज जी झळाळी दिसते ती कोणाच्या हातची, हा प्रश्न कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

इतिहासकारांची रीतही याहून फारशी वेगळी नाही. वाहनाच्या इतिहासात वाहनात बसणाऱ्याचे नाव येते, फार तर ते बनविणाऱ्या कारखान्याचे येते. ज्याने त्याचा फाटलेला टप शिवला, तडकलेला भाग सांधला, उडालेला रंग खरवडून नवा चढविला, त्या मेस्त्रीला त्यात जागा नसते. वास्तविक पाहता वस्तू जन्मास येण्याला काही महिने पुरतात, पण ती टिकविण्याला पिढ्या लागतात. मोटारीच्या या बाह्य आवरणाचा म्हणजे टप, रोगण व रंग यांचा कोल्हापुरापुरता विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोल्हापुरापुरता म्हणण्याचे कारण असे की, या एका शहरात त्या आवरणाचा संबंध एका अगदी निराळ्या कलेशी येऊन पोचतो, आणि तो का पोचतो याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे.

मोटारी येण्यापूर्वीचा काळ घोडागाड्यांचा. शाहू महाराजांचा खडखडा कोल्हापुरात आजही आख्यायिकेचा विषय आहे. नवी घोडी जुंपून त्यांना चालीस लावण्याची ती उघडी, दणकट गाडी. तिच्यात डौलापेक्षा ताकदीला महत्त्व होते. दरबारी बग्ग्यांची गोष्ट मात्र निराळी असे. अशा गाडीला रंग देणे हे एक लहानसे अनुष्ठानच होते. प्रथम लाकडाच्या रेषा व खाचा सफेता आणि जवसाचे तेल यांच्या लांबीने बुजवावयाच्या. मग अस्तराचे हात द्यावयाचे. प्रत्येक हात वाळला की पाणी घालून दगडाने घासून सपाट करावयाचा. त्यावर रंग, आणि शेवटी रोगण. तेलाचा रंग हवेतील प्राणवायू शोषून वाळतो, त्याला घाई केलेली चालत नाही. एक गाडी पुरी होण्यास अनेक आठवडे लागत. त्यात पंचगंगेच्या काठचा पावसाळा म्हणजे आषाढ-श्रावणात दिलेला हात भाद्रपदातही बोटाला चिकटावयाचा. टप कातड्याचा असे, त्याला एरंडेल पाजून मऊ ठेवावे लागे. तेल चुकले की घडीच्या ठिकाणी कातडे तडकलेच. सुतार, लोहार, रंगारी आणि कातड्याचे काम करणारा कारागीर अशा चौघांच्या हातांनी ती गाडी उभी राहत असे, आणि दरसाल त्याच चौघांच्या हातांनी ती पुनः तरुण होत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानांच्या रस्त्यांवर ज्या मोटारी धावू लागल्या त्या बहुधा उघड्या होत्या. वर घडीचा टप, आणि पाऊस आला म्हणजे दोहों बाजूंस बटनांनी अडकवावयाचे पडदे. त्या पडद्यांत बाहेरचे दिसावे म्हणून लहान लहान पारदर्शक खिडक्या शिवलेल्या असत. काच घडी होत नाही, म्हणून या खिडक्या सेल्युलॉइडच्या करीत. टपासाठी कातडे महाग पडू लागले तेव्हा त्याच्या जागी रेक्झीन आले. हे रेक्झीन मूळचे इंग्लंडातील मँचेस्टरजवळच्या एका कंपनीचे व्यापारी नाव. कापडावर एक दाट लेप देऊन त्यावर कातड्यासारख्या सुरकुत्या उठविल्या की ते तयार होई.

आता सेल्युलॉइड म्हणजे काय, हे पाहू लागले म्हणजे मौज वाटते. १८४६ साली बाझेल येथील शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून एक ज्वालाग्राही पदार्थ मिळविला. सांडलेले अम्ल त्याने पत्नीच्या सुती एप्रनने पुसले आणि चुलीपाशी वाळत घातलेले ते एप्रन एका क्षणात भडकून नाहीसे झाले, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, तो कापूस मात्र खरोखरच तसा भडकतो. या कापसाचे सौम्य रूप कापरात मळून हायट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७० साली जो नवा पदार्थ सिद्ध केला तोच सेल्युलॉइड. मनुष्याने निर्माण केलेल्या प्लास्टिकांपैकी व्यापारात चांगले स्थिरावलेले हे पहिलेच. कापूस आणि कापूर! निरांजनाची वात आणि आरतीचे तबक यांपलीकडे ज्यांची जोडी आपण कधी कल्पिली नव्हती, त्या दोन वस्तूंच्या मिलाफातून मोटारीची खिडकी निघाली. रेक्झीनवरचा लेपही याच वंशातला, अम्ल पाजलेल्या कापसाचा आणि कापराच्या तेलाचा. जुन्या सेल्युलॉइडचा तुकडा बोटाने जोराने घासून नाकाशी धरला तर आजही कापराचा वास येतो. जाणता माणूस त्यावरूनच त्याची परीक्षा करतो.

परंतु कापराचा जो गुण देवघरात आपण रोज पाहतो तोच येथे दोष ठरतो. उघडा ठेवलेला कापूर जसा न जळता हळूहळू उडून जातो, तसाच तो सेल्युलॉइडमधूनही वर्षानुवर्षे उडत असतो. कापूर होता म्हणून जो पदार्थ लवत होता तो कापूर गेल्यावर आकसतो, पिवळा पडतो, ठिसूळ होतो. खिडकी टपाला शिवलेली असल्यामुळे तिच्या कडेला सुईच्या छिद्रांची रांग असे. पदार्थ आकसू लागला की पहिली चीर या छिद्रातून निघे आणि टपाची घडी घालताना एका टाक्यापासून दुसऱ्यापर्यंत धावत जाई. ही चीर सांधण्याची युक्ती साधी होती. दोन्ही कडा ॲसिटोनसारख्या द्रवाने ओलावल्या की त्या विरघळून मऊ होतात, मग वर त्याच पदार्थाची पट्टी दाबून धरावयाची. द्रव उडून गेला की दोहोंचे एक होते. हे काम विडी ओढीत करणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय. गोंदाने चिकटविणे आणि हे सांधणे यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. गोंद हा दोन वस्तूंमधला तिसरा असतो. येथे तिसरा कोणी राहत नाही.

नेमकी हीच क्रिया त्याच वर्षांत कोल्हापुरातील आणखी एका ठिकाणी नित्य चालू होती, आणि आम्ही ज्या संबंधाचा वर उल्लेख केला तो येथे येतो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापुरात १८९० साली झाला. मेस्त्री हे घराण्याचे नाव होते आणि धंद्याचेही. चित्रकलेचे कोणत्याही शाळेत शिक्षण न घेता ते व त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात असा लौकिक मिळविला की जगाने त्यांचे आडनावच बदलून 'पेंटर' केले. कॅमेरा विकत मिळणे दुर्घट, तर तो स्वतः घडवावा, हा ध्यास या बंधूंनी घेतला. १९१६ साली आनंदराव अकाली वारले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने तो कॅमेरा पुरा केला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० साली तिचा 'सैरंध्री' हा पहिला चित्रपट पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले ते याच चित्रपटानंतर. कलेच्या इतिहासात हे सर्व यथास्थित नमूद आहे. त्या इतिहासाने ज्याकडे फारसे लक्ष दिले नाही ते एवढेच की, रंगविलेला पडदा ते धावते चित्र हा बाबूरावांचा प्रवास कापसाकडून कापसाकडेच झाला. नाटकाचा पडदा सुती कापडाचा होता. चित्रपटाची फीत सेल्युलॉइडची, म्हणजे अम्ल आणि कापूर पाजलेल्या कापसाची. फीत तुटली की तिच्या टोकावरचा थर खरवडून, विरघळविणारा तोच द्रव लावून ती सांधीत. टपाची खिडकी जोडणारा मेस्त्री आणि चित्रपटाची फीत जोडणारा सहायक, दोघांच्या बोटांना एकच वास येत असला पाहिजे.

मोटारीच्या रंगाचीही कथा येथेच येऊन मिळते. तेलाचा रंग वाळण्यास लागणारे आठवडे ही अमेरिकेतील मोटार कारखान्यांची मोठीच अडचण होऊन बसली होती. एंजिने तयार, साटे तयार, आणि गाड्या मात्र रंग वाळण्याची वाट पाहत कोठारे अडवून उभ्या. पहिल्या महायुद्धानंतर ड्यू पाँट कंपनीत चित्रपटाच्या फितीसंबंधी संशोधन चालू असता, अम्लयुक्त कापसाचा दाट द्राव पातळ करण्याची रीत काहीशी अकस्मात हाती लागली. द्राव पातळ झाला म्हणून त्यात रंगद्रव्य भरपूर घालता आले, आणि तो पिचकारीने उडविताही आला. द्रावक उडून जाताच रंग वाळे. आठवड्यांचे काम तासांवर आले. १९२३ साली ओकलंड नावाच्या मोटारींवर तो प्रथम चढला. त्याचे नाव ड्यूको. काही वर्षांतच हिंदुस्थानातील मोटारींच्या दुरुस्तीशाळांत हे नाव असे रुजले की पिचकारीने दिलेल्या कोणत्याही रंगाला लोक ड्यूको म्हणू लागले, आणि आजही म्हणतात.

एकूण काय, तर १९२५ च्या सुमारास कोल्हापुरातील एखाद्या पावसाळी दुपारी नव्या मोटारीत बसून कोणी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सावकारी पाश' पाहावयास गेला असेल, तर गाडीच्या टपाचा लेप, टपाची खिडकी, कदाचित गाडीचा रंग आणि समोर पडद्यावर हलणाऱ्या चित्राची फीत ही चारही त्याच एका झाडाच्या बोंडातून आली होती. शाहू छत्रपतींनी १९०६ साली ज्या कापसासाठी कोल्हापुरात सूतगिरणी काढली तोच हा कापूस. त्याचा हा दुसरा संसार त्या गृहस्थाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या चौघा भावंडांचे पुढे काय झाले, हा या लेखातला खरा प्रश्न आहे.

चित्रपट नष्ट झाले. मूकपटांच्या युगात हिंदुस्थानात सुमारे तेराशे चित्रपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आज शिल्लक आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कामाची गतही तीच. बोलपट आल्यावर मूकपटाला गिऱ्हाईक राहिले नाही. फितीवरच्या रुप्यासाठी आणि खालच्या सेल्युलॉइडसाठी ती विकली जाई. पाश्चात्य देशांत तर निकामी फिती विरघळवून त्यांपासून रोगण करण्याचा धंदाच होता. कोणा नटाचे मुख एखाद्या मोटारीच्या मडगार्डावर रंग होऊन चमकले असेल, हे नवल नव्हे. उरलेले काळाने व अग्नीने गिळले. दामले, फत्तेलाल व शांताराम ही मंडळी १९२९ साली बाबूरावांपासून वेगळी झाली. त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. पुण्याच्या त्याच प्रभातच्या आवारात, जेथे आता चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था आहे, जानेवारी २००३ मध्ये जुन्या फितींच्या कोठारास आग लागली आणि सेल्युलॉइडवरील शेकडो चित्रपट राख झाले. हा कापूस एकदा पेटला की विझत नाही, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो.

मोटारी मात्र राहिल्या. त्यांचे टप फाटले, खिडक्या तडकल्या, रंग पापुद्र्यांनी उडाले. पण गाडी चालत होती, तिचा उपयोग होता, म्हणून प्रत्येक वेळी कोणीतरी पदरमोड करून ती दुरुस्त केली. आमच्या मते, ज्याचा उपयोग राहिला ते दुरुस्त होत होत राहिले, पण दर दुरुस्तीत मूळ द्रव्य थोडे थोडे जात राहिले. आणि ज्याचा उपयोग संपला ते मूळ रूपातच राहिले व मूळ रूपातच नाहीसे झाले. जुन्या मोटारीवर आज जो टप दिसतो तो पहिला नव्हे, दुसरा नव्हे, कदाचित पाचवाही नव्हे. तिच्या रंगात पहिल्या रंगाचा कणही असेल की नाही, कोण सांगेल? मग ती गाडी जुनी कोणत्या अर्थाने? प्रश्न तार्किकांना जुना आहे, पण मेस्त्रीला तो रोजच्या मजुरीचा आहे. धन्याला गाडी नव्यासारखी हवी असते, आणि नव्यासारखी करावयाची तर जुने खरवडावेच लागते.

सेल्युलॉइडचे राज्य दुसऱ्या महायुद्धानंतर संपले. चित्रपटासाठी न भडकणारी फीत आली, खिडक्यांना नवी प्लास्टिके आली, रेक्झीनवर कापसाच्या लेपाऐवजी कृत्रिम प्लास्टिकाचा लेप आला. मग गाडीचा नुसता टपच नव्हे तर मुखवटा, मडगार्ड, बॉनेट हेही पत्र्याऐवजी काचतंतूंचे किंवा प्लास्टिकचे होऊ लागले. कोल्हापूरची मंडळी या नव्या युगातही मागे राहिली नाहीत. उसाचे चरक आणि तेलाची एंजिने घडवीत शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. याच जिल्ह्यातील शंकरराव कुलकर्णी यांनी तर 'मीरा' नावाची एक छोटी मोटारच स्वतः बनविली. ती बाजारात स्थिरावली नाही, ही खेदाची गोष्ट. तथापि कॅमेरा मिळत नाही तर तो घडवावा, असे म्हणणाऱ्या गावालगतच मोटार घडविणारा निघावा, यात आश्चर्य ते काय? आणि रिक्षा! आपल्या रिक्षा सजविण्याचा कोल्हापुरी रिक्षावाल्यांना जो छंद आहे तसा अन्यत्र क्वचितच आढळेल. येथे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात. टपावरची शिवण, आतले अस्तर, आरशांची मांडणी, रंगावरचे रोगण यांची परीक्षा होते, आणि जिंकणारी गाडी दुसऱ्या दिवशी पुनः भाडे मारावयास उभी राहते.

या नव्या पदार्थांना दुरुस्तीशाळांत सरसकट 'फायबर' म्हणतात. शब्द चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत पुष्कळदा गिऱ्हाइकाला द्यावी लागते. म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. काचतंतूंचा भाग वेगळा, ठोकर खाऊन पांढरा पडणारा कडक प्लास्टिकचा भाग वेगळा, आणि वाकवला तरी न तुटणारा मेणचट प्लास्टिकचा भाग आणखी वेगळा. चीर कोणत्याही भागात असो, प्रथम तिच्या टोकाशी बारीक भोक पाडावे. चिरेचे टोक तीक्ष्ण असते, सगळा ताण तेथे एकवटतो. भोक गोल असल्यामुळे तो ताण विखुरतो व चीर पुढे धावत नाही. जुन्या टपाच्या खिडकीत सुईचे भोक चिरेला जन्म देई, येथे भोकच तिला थांबविते. फरक इतकाच की, तेथे भोकांची रांग होती आणि ताण कायमचा होता. त्यानंतर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने चीर उतरती घासून रुंद करावी. काचतंतूंचा भाग असेल तर राळ व काचेची जाळी यांचे थर द्यावेत. कडक प्लास्टिक असेल तर त्याचाच भुगा ॲसिटोनात विरघळवून केलेली लापशी भरावी, म्हणजे सेल्युलॉइडचीच जुनी युक्ती. मेणचट प्लास्टिकवर यांपैकी काहीच चिकटत नाही. ते तापल्या हत्याराने वितळवून, त्यात तारेची जाळी दडपून सांधावे लागते. जो मेस्त्री तिन्हींवर एकच राळ फासतो त्याचे काम पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. वरून लांबी, पाण्याने घासणे, अस्तर, रंग, रोगण हा क्रम मात्र बग्गीच्या काळापासून बदललेला नाही. बदलला तो वेळ.

या दुरुस्तीतला खरा वाद कोल्हापुरापुरता नाही. कॅनडात बोंबार्डिए नावाच्या यंत्रकुशल मनुष्याने १९५९ साली बर्फावर धावणारी एक छोटी गाडी विक्रीस काढली. अशा गाड्यांचे पुढले टोप काचतंतूंचे व पुढे प्लास्टिकचे होऊ लागले. कडाक्याच्या थंडीत हे पदार्थ ठिसूळ होतात आणि एंजिनाचा कंप त्यांना सतत हलवीत असतो. तेव्हा ते तडकले यात नवल नाही. त्या जुन्या गाड्यांचे तेथे आज मोठे शौकीन आहेत, आणि तडकलेला टोप सांधून कारखान्यातल्यासारखा रंगवावा, की त्याची फिकी कांती व जुनी अक्षरे तशीच ठेवावीत, यावरून त्यांच्यातही दोन तट पडलेले आहेत. बर्फ जेथे स्वप्नातही पडत नाही अशा आमच्या गावी हाच प्रश्न मेबॅकपासून रिक्षापर्यंत सर्वांना लागू पडतो.

आमचे मत विचाराल तर ते असे. रिक्षाने अवश्य नटावे. तिचा धंदा नटण्यावर आहे, आणि दर दिवाळीला नवे रूप घेणे हीच तिची परंपरा आहे. परंतु जी गाडी आता केवळ स्मृती म्हणून रस्त्यावर येते, तिच्या बाबतीत मेस्त्रीच्या हाताला थोडा आवर असावा. चीर जरूर सांधावी, कारण सांधली नाही तर ती वाढते. मात्र सांधा आतून पाहणाऱ्यास दिसू द्यावा. सगळी कांती खरवडू नये. जाणते मेस्त्री जुना रंग काढण्यापूर्वी एखाद्या आडबाजूच्या जागी, नाण्याएवढ्या भागावर पाणकागद गोल फिरवितात. त्या जागी रंगांचे थर वर्तुळांनी उघडे पडतात. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे. वर अलीकडचा रंग, त्याखाली त्याच्या आधीचा, त्याखाली अस्तर, मग आणखी जुना, आणि मध्यभागी उघडा पत्रा. ती वलये मोजली म्हणजे ही गाडी किती हातांतून गेली हे कळते. त्या हातांची नावे कोठे लिहिलेली नसतात. एवढी एक नाण्याएवढी जागा रोगण देऊन तशीच राखून ठेवली, आणि केव्हा, कोणी, कशाने रंगविले याची दोन ओळींची नोंद गाडीच्या कागदांत घातली, तर मेस्त्रीचे काम वाढत नाही आणि धन्याच्या डौलासही बाध येत नाही. बिजागरीच्या पोटात, पायपाटाच्या खाली, टपाच्या लाकडी कमानीला जेथे कापड ठोकलेले असते त्या घडीत, अशा जागी मूळ रंगाचे व मूळ रेक्झीनचे तुकडे पुष्कळदा अजून दडलेले असतात. टप उतरविताना पहिला खिळा काढण्यापूर्वी तेथे पाहावे. सापडलेला तुकडा बोटाने घासून पाहावा, आणि कापराचा वास आला तर तो टाकून देऊ नये.